गौरी जेवल्या आणि मी नऊ दिवस अंथरुणात

गणपती झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर दरवर्षी बदलतो, यंदाही तसंच झालंय. नेहमी गुडघा, मान, टाच असे सुटेसुटे प्रश्न असतात पण सणानंतर जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येतं की इतके दिवस आटोक्यात असलेलं दुखणं अचानक उसळलं आणि आता कळत नाही काय करू. म्हणून या महिन्याचं अख्खं सदर जुन्या दुखण्याच्या उसळीवर म्हणजे ज्याला डॉक्टर फ्लेअर म्हणतात त्यावर. मी फिजिओथेरपिस्ट आहे हे तुम्हाला माहीत आहेच, पण नव्या वाचकांसाठी सांगते की २००६ च्या चिकनगुनियाच्या साथीत मलाही तो झाला होता, ताप आठवड्यात गेला, सांध्यांची सूज काही महिन्यांत गेली, पण सगळं अंग ठणकणं मात्र गेलं नाही आणि त्याला फायब्रोमायल्जिया हे नाव मिळेपर्यंत दोन वर्षं गेली. त्यामुळे आज जे लिहितेय ते पेशंटना सांगून सांगून आणि स्वतः करून करून तयार झालंय. पत्रं छोटी केली आहेत, नावं नेहमीप्रमाणे काढली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी ४३ वर्षांची, सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. गेल्या वर्षी फायब्रोमायल्जियाचं निदान झालं, त्याआधी पाच वर्षं नुसत्या तपासण्या. रात्रीची एक गोळी चालू आहे, जूनपासून खूप बरं होतं, म्हणून यंदा गौरींचं सगळं मीच करायचं ठरवलं. साफसफाई, फराळ, पूजनाच्या दिवशी तीस माणसांचा पुरणपोळीचा स्वयंपाक, सगळं हसत केलं, काही दुखलं नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठताच आलं नाही. नऊ दिवस झोपून होते, शाळेत रजा टाकावी लागली. सासूबाई म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत, काम करताना तर ठणठणीत होतीस, मग आता काय झालं? मलाही तेच विचारायचंय. आणि पुढच्या वेळी हे थांबवायचं कसं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, "खूप बरं होतं, म्हणून सगळं मीच करायचं ठरवलं". फ्लेअर विसर्जनानंतर आला असं तुम्हाला वाटतंय, पण त्याची सुरुवात त्या "म्हणून" मध्ये आहे. हे दोष द्यायला म्हणत नाहीये हो, मीही कितीतरी वर्षं हेच करत होते. दुखणाऱ्या माणसाला महिन्यातून चार दिवस बरे मिळतात आणि त्या चार दिवसांत त्याला मागचं सगळं राहिलेलं, वर लोकांना वाटलेलं "हिच्याने काही होत नाही", हे सगळं फेडायचं असतं. म्हणून आपण बऱ्या दिवशी जीव तोडून काम करतो आणि मग वाईट दिवसांची रांग लागते, ते सरले की पुन्हा तसंच. या चक्रातून बाहेर यायचं तर वाईट दिवशी काय करायचं यापेक्षा बऱ्या दिवशी कुठे थांबायचं हे आधी शिकावं लागतं, आणि ते जास्त अवघड आहे.

आता काम करताना का दुखलं नाही ते सांगते. या आजारात श्रमाचा हिशोब बऱ्याचदा उशिरा येतो, त्याच दिवशी न येता एका-दोन दिवसांनी. शिवाय सणाच्या गडबडीत अंगात एक जोम असतो, माणसं घरात असतात, झोप कमी होते, जेवण चार वाजता होतं, आणि शरीर तो जोम संपेपर्यंत रेटून नेतं. गौरी उठल्या, पाहुणे गेले, घर शांत झालं की मग एकदम सगळं अंगावर येतं. सासूबाईंना दिसतो तो ठणठणीतपणा खरा असतो आणि दुसऱ्या दिवशीचं अंथरूणही खरंच असतं.

रिपोर्टचं म्हणाल तर त्यांना असं समजावून बघा. मोठा खोकला होऊन बरा झाला तरी पुढे पंधरा दिवस घसा हळवा राहतो ना, गार पाण्याचा घोट, अगरबत्तीचा धूर, जोरात हसणं, कशानेही ठसका लागतो. घशात बघितलं तर काही नसतं, कफ नाही, सूज नाही, पण ठसका काही नाटक नसतो. फायब्रोमायल्जियात सगळ्या अंगाच्या नसा आणि मेंदूतलं दुखण्याचं खातं असं हळवं झालेलं असतं. रक्तातला ईएसआर, सीआरपी, एक्स-रे या तपासण्या सूज शोधतात किंवा झीज शोधतात, हळवेपणा त्यात दिसत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये अशा वेदनेला वेगळं नाव सुद्धा दिलंय, नोसिप्लास्टिक, म्हणजे जखमेची नाही, नस दबल्याची नाही, तर यंत्रणाच हळवी झाल्याची तिसऱ्या प्रकारची वेदना. आणि सासूबाईंच्या ओळखीत कुणाला अर्धशिशी असेलच, तिचेही सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, पण अर्धशिशी उठली की घरातले दिवे बंद करतात, टीव्ही बंद करतात, कुणी रिपोर्ट मागत नाही. हे मी माझ्या स्वतःच्या सासूबाईंना सांगितलं होतं आणि त्यांना ते पटलं, कारण त्यांना स्वतःला अर्धशिशी होती.

आता थांबायचं कसं. याला पेसिंग म्हणतात, शब्द मोठा वाटला तरी काम साधं आहे. आपण सगळे दुखेपर्यंत काम करतो आणि दुखलं की थांबतो, इथे थांबायचं ते घड्याळ बघून, दुखायच्या आधी. एक काम घ्या, समजा ओट्याशी उभं राहणं. तीन दिवस मोजा की उभं राहिल्यावर किती मिनिटांनी दुखणं जाणवायला लागतं. समजा २०, १५ आणि २५ मिनिटं आली, सरासरी २०. त्यातला पाचवा भाग काढून टाका, राहिली १६. आता रोज १६ मिनिटांचा टायमर लावायचा आणि तो वाजला की गॅस बारीक करून किंवा बंद करून पाच-दहा मिनिटं बसायचं, अजिबात दुखत नसलं तरी बसायचं, पोळी अर्धी लाटलेली असली तरी बसायचं. सगळं गाडं इथेच अडतं, कारण न दुखता बसलं की आपल्यालाच आपण कामचुकार वाटतो. पण फ्लेअर सोडला तर वाईट दिवशी सुद्धा तेवढंच करायचं, बऱ्या दिवशी सुद्धा तेवढंच, आणि एक-दोन आठवडे नीट गेले की दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा वाढवायचा. माझ्याकडे येणाऱ्या बायका पहिल्या महिन्यात वैतागतात आणि तिसऱ्या महिन्यात सांगतात की एकूण काम आधीपेक्षा जास्त होतंय.

पुरणपोळीचंच बघू, कारण पुढच्या वर्षी गौरी येणारच आहेत आणि त्या येऊ नयेत असं मी अजिबात म्हणणार नाही. त्या स्वयंपाकात तुमच्यासाठी सगळ्यात वाईट काय असेल तर पुरणयंत्राचा दांडा. एका हाताने भांडं दाबून धरायचं, दुसऱ्याने गरम पुरण दाबत गोल गोल फिरवायचं, खांदा वर उचललेला, मान खाली, तीस माणसांचं पुरण म्हणजे हे तासभर चालतं, आणि त्यानंतर लगेच कणीक तिंबायची म्हणजे तेच खांदे, तेच मनगट. त्यामुळे पुरण आदल्या दिवशी शिजवून फ्रीजमध्ये ठेवायचं, यंत्र फिरवायचं काम घरातल्या तरुण मुलाकडे किंवा नवऱ्याकडे द्यायचं, डाळ पुरेशी मऊ शिजली असेल तर मिक्सरवर सुद्धा छान होतं, कणीक दुसऱ्या कुणीतरी मळायची, आणि तुम्ही स्वतःकडे एकच गोष्ट ठेवायची, जी तुम्हाला मनापासून आवडते. पोळ्या लाटायला आवडत असतील तर पोळ्या, पण दर पाच पोळ्यांनंतर टायमर. गौरींना साडी नेसवायला आवडत असेल तर ते करा आणि पोळ्या बाहेरून मागवा. गावात घरगुती पोळ्या करून देणाऱ्या बायका असतातच, त्यांनाही चार पैसे मिळतात.

आणि फ्लेअर आलाच तर, कारण कितीही जपलं तरी कधीतरी येतोच. पहिले दोन दिवस काम निम्म्यावर आणायचं, शून्यावर नाही. नऊ दिवस सलग पडून राहिल्याने तुमचा फ्लेअर लांबला असणार असं मला वाटतं, कारण पडून राहिलं की अंग आणखी आखडतं, रात्रीची झोप मोडते आणि झोप मोडली की हळव्या नसा आणखी हळव्या होतात. त्यामुळे तासा-दीड तासाने उठून फक्त पलंगापासून गॅलरीपर्यंत जाऊन यायचं, झोपल्या झोपल्या घोटे फिरवायचे, गुडघे आळीपाळीने छातीकडे घ्यायचे, खांदे हळू गोल फिरवायचे, बास. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून १५-२० मिनिटं, कोमट पाण्याने अंघोळ, दुपारी तीननंतर चहा-कॉफी नाही, आणि सकाळी उठायची वेळ रात्र कशीही गेली तरी तीच. डॉक्टरांनी दिलेली रात्रीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही आणि स्वतःहून वाढवायचीही नाही. या आजारात देतात त्या अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन अशा काही गोळ्या मूळ डिप्रेशनच्या गोळ्या आहेत, पाकिटावरचं वाचून घरचे घाबरतात, पण इथे त्या दुखण्याचा हळवेपणा कमी करायला दिलेल्या असतात, डोकं बिघडलंय म्हणून नव्हे. साध्या सूज उतरवणाऱ्या पेनकिलरचा इथे फारसा उपयोग होत नाही कारण उतरवायला सूजच नसते.

सगळ्यात घातक दिवस कुठला माहितीये? फ्लेअर ओसरल्यानंतरचा पहिला. नऊ दिवसांचे कपडे, शाळेच्या वह्या, फ्रीज साफ करायचा, सगळं डोळ्यांसमोर उभं असतं आणि आपण ते एका दिवसात भरून काढायला जातो, आणि दुसरा फ्लेअर तिथेच तयार होतो. त्या दिवशी नेहमीच्या निम्म्यापासून सुरू करा, आठवडाभरात मूळ जागी या. राहिलेलं काम राहू दे.

हे सगळं एका कागदावर लिहून फ्रीजच्या दाराला लावा आणि ते आज लिहा, बरं वाटत असताना, कारण फ्लेअरमध्ये डोक्यावर धुकं असतं, साधा गॅस बंद केला का ते आठवत नाही तर ही यादी कुठून आठवणार. त्याच कागदावर खाली हेही लिहा की कुठल्या दुखण्याला फ्लेअर समजायचं नाही : ताप, एखादा सांधा सुजून गरम होणं, हाता-पायातली ताकद जाणं, लघवी-संडासचा ताबा जाणं, छातीत दुखणं, कारण नसताना वजन उतरणं. यातलं काही झालं तर आजार जुना आहे म्हणून घरी थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

व्यायामाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या सगळ्या उपचारांचा आढावा घेतला तेव्हा ठाम शिफारस फक्त एकाच गोष्टीची केली, व्यायामाची, बाकी सगळ्यांपुढे जर-तर होतं. पण तो फ्लेअर सरल्यावर सुरू करायचा आणि पाच मिनिटं चालण्यापासून. शाळेच्या मैदानाची एक फेरी पुरे, उद्या पण एकच.

प्रश्न : रत्नागिरी. पावसाळ्यात माझे सगळे सांधे जास्त दुखतात, मुलगा म्हणतो हा मनाचा खेळ आहे. खरं काय?

उत्तर : काकू, मुलाला सांगा की इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठाने अडीच हजारांहून जास्त दुखणेकऱ्यांकडून मोबाईलवर रोजची नोंद घेऊन ती हवामानाशी ताडून बघितली आणि २०१९ मध्ये ती छापली, त्यात दमट हवा, हवेचा दाब कमी होणं आणि जोराचा वारा या दिवसांत दुखणं वाढतं असं दिसलं. फरक मोठा नव्हता पण होता. कोकणात जून ते सप्टेंबर दुसरं काय असतं! पाऊस काही थांबवता येत नाही, पण पावसाळ्यात आपलं चालणं बंद पडतं, उन्हात बसणं बंद पडतं आणि ओले कपडे आत वाळत घालून खोली आणखी दमट होते, तेवढं हातात आहे. घरातल्या घरात, पडवीत, दहा-दहा मिनिटं दिवसातून तीनदा चाला. आणि दुखणं वाढलं त्या दिवशी सांधे सुजतात का, सकाळी मुठी आवळायला तासभर लागतो का ते बघा, तसं असेल तर नुसता पाऊस नाही, संधिवाताची तपासणी करून घ्या.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, नाशिकला आयटीत आहे. दीड वर्ष कंबर आणि नितंब दुखतात, कधी डावीकडे कधी उजवीकडे. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते, सकाळी तासभर अंग लाकडासारखं असतं, मग हिंडलं-फिरलं की बरं वाटतं. महिन्यातून एकदा असा फ्लेअर येतो की मोजा घालता येत नाही. इंटरनेटवर वाचून मला फायब्रो आहे असं वाटतंय. पेसिंग कसं करू? बॉस म्हणतो खुर्ची बदल.

उत्तर : मित्रा, तू पेसिंग करू नकोस आणि खुर्चीही नंतर बदल, आधी रुमॅटॉलॉजिस्टकडे म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जा, याच महिन्यात. तू लिहिलेली लक्षणं फायब्रोची नाहीत. वय कमी, दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त, हळूहळू सुरू झालेलं, उत्तररात्री जाग, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आरामाने वाढतं आणि हालचालीने कमी होतं, हे सगळं एकत्र आलं की मणक्याच्या दाहक संधिवाताची शंका घ्यावी लागते, त्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात. स्पॉन्डिलोसिस वेगळं, ते झिजेचं, नाव सारखं असल्याने पुष्कळ घोळ होतो आणि तरुण पोरं वर्षानुवर्षं कमरेला पट्टा बांधून फिरतात. साध्या एक्स-रेत सुरुवातीची काही वर्षं काहीच दिसत नाही म्हणून डॉक्टर माकडहाडाच्या वरच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांचा एमआरआय आणि एचएलए बी-२७ ही रक्ततपासणी सांगतील. ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून आजार झालाच असं नाही, ती पॉझिटिव्ह असलेली कितीतरी माणसं ठणठणीत असतात, त्यामुळे लॅबचा कागद बघून रात्रभर गुगल करत बसू नकोस.

मी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण फ्लेअर हा शब्द एकच असला तरी आजाराप्रमाणे उपाय अगदी उलटे होतात. वरच्या शिक्षिकाताईंना पेनकिलरचा फारसा उपयोग नाही असं मी म्हटलं, तुझ्या आजारात मात्र सूज उतरवणाऱ्या गोळ्या हाच पहिला उपचार असतो, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यांना मोजून थांबायचंय, तुला थांबलं की आखडायला होतं. ऑफिसात दर अर्ध्या तासाने उठ, पोहता येत असेल तर पोह, सिगारेट ओढत असशील तर ती सोड कारण तिने हा आजार जास्त वेगाने वाढतो. आणि कधी एक डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर डोळे आले असतील म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणू नकोस, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव, या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते.

प्रश्न : सोलापूर, वय ६१. दोन्ही गुडघे झिजलेत. दोन वर्षं मेडिकलमधून दुखण्याची गोळी रोज घेतो, बीपीची गोळी चालू आहे. लग्नकार्यात जास्त उभं राहिलं की गुडघा सुजतो तेव्हा एका वैदूची पुडी घेतो, तीन दिवसांत माणूस पळायला लागतो. आता मुलगी ओरडते. पुडी तर आयुर्वेदिक आहे ना?

उत्तर : काका, तीन दिवसांत पळायला लावणाऱ्या पुडीची मला भीती वाटते. नाव-गाव नसलेल्या अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं पुष्कळदा सापडलेलं आहे आणि त्याने सूज अशीच झटकन उतरते. मग चेहरा गोल होतो, वजन वाढतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं कमी करतं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की तुम्ही ती वरचेवर किंवा रोज घेत असाल तर आज वाचून उद्या एकदम बंद करू नका, त्यानेही चक्कर, उलट्या, बीपी एकदम खाली असा धोका असतो. एक पुडी खिशात घालून डॉक्टरांकडे जा आणि खरं खरं सांगा किती दिवस घेताय. लाजू नका, डॉक्टरांनी अशा पुड्या खूप बघितलेल्या असतात.

रोजची पेनकिलर आणि बीपी ही जोडी किडनीसाठी वाईट आहे, बीपीच्या काही गोळ्यांबरोबर तर जास्तच. क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी करून घ्या, आणि संडासला डांबरासारखी काळी झाली तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो, तेव्हा थांबायचं नाही. गोळीच्या पट्टीवर बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते मुलीकडून वाचून घ्या, बऱ्याच दुखण्याच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं आणि माणसं वरून तापाची म्हणून पुन्हा तेच घेतात. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचं जेल लावायला मिळतं, ते गोळी पोटात घेण्यापेक्षा कितीतरी बरं, पण तेही डॉक्टरांना विचारून.

गुडघा सुजला की दोन-तीन दिवस चालणं कमी करा, बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं. आणि काठी घ्या. काठी म्हटलं की माणसं म्हातारपणाच्या कल्पनेने दुखावतात, पण लग्नात तीन तास उभं राहायचं असेल तर तीच तुम्हाला उभी ठेवेल. फक्त ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, उजवा जास्त दुखत असेल तर डाव्या हातात, दहातली आठ माणसं चुकीच्या हातात धरून माझ्याकडे येतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सूज उतरली की खुर्चीत बसून एक पाय गुडघ्यात सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत मांडी आवळून धरायचा, खाली ठेवायचा, प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू भरले की गुडघ्यावरचा भार कमी होतो, पण त्याला दोन-तीन महिने लागतात, पुडीसारखे तीन दिवस नाहीत.

प्रश्न : डोंबिवली. माझ्या बायकोला सहा वर्षं फायब्रोमायल्जिया आहे. फ्लेअर आला की मी "कसं वाटतंय" विचारलं तर चिडते, नाही विचारलं तर म्हणते तुला काळजीच नाही. मी सकाळी ७.१२ ची लोकल पकडतो, रात्री नऊला घरी येतो. मला खरंच मदत करायचीय पण काय करू कळत नाही. तिला जवळ घ्यायला गेलो तर हात झटकते.

उत्तर : दादा, तुमच्यासारखी पत्रं फार कमी येतात, दुखणाऱ्यांची येतात, शेजारी झोपणाऱ्याची येत नाहीत, म्हणून आधी तुमचे आभार.

हात झटकते ते आधी सांगते कारण तेच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं असणार. फ्लेअरमध्ये कातडी इतकी हळवी होते की साधा स्पर्शही दुखतो. मला स्वतःला अशा दिवसांत हातातल्या बांगड्यांचा भार सहन होत नाही, ब्लाउजची शिवण टोचते, पंख्याचं वारं दंडावर नको वाटतं. त्या वेळी प्रेमाने ठेवलेला हात सुद्धा ओझं होतो आणि तो झटकल्यावर पुन्हा अपराधी वाटतं ते वेगळंच. बऱ्या दिवशी तिला विचारून ठेवा की फ्लेअरमध्ये तुला कुठे हात लावलेला चालतो, कुणाला फक्त तळपाय चालतात, कुणाला डोक्यावरून हात, कुणाला काहीच नाही, नुसतं शेजारी बसलेलं चालतं.

"कसं वाटतंय" या प्रश्नाचा त्रास असा की त्याचं उत्तर देण्यासाठी तिला पुन्हा सगळं अंग आतून चाचपून बघावं लागतं, आणि वाईट आहे म्हटलं की तुमचा चेहरा पडतो आणि मग तिला तुम्हालाच सांभाळावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याने यावर फार छान तोडगा काढलाय, फ्रीजच्या दारावर एक मॅग्नेट आहे, ते खाली असलं म्हणजे नेहमीचं दुखणं, मध्ये असलं म्हणजे जपून, वर असलं म्हणजे फ्लेअर. बायको पाणी प्यायला जाताना ते सरकवते, नवरा घरी आल्यावर ते बघतो, प्रश्न नाही उत्तर नाही. वर असेल तेव्हा काय करायचं हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलंय : दूध तो तापवणार, भांडी तो लावणार, मुलाचा डबा शेजारच्या पोळी-भाजी केंद्रातून, आणि रात्री दहानंतर घरात मोठा दिवा नाही. तुम्ही बाराहून जास्त तास बाहेर असता तेव्हा सगळं तुम्हाला जमणार नाही, ठरलेली दोनच कामं घ्या, पण ती दर वेळी तुमचीच. कधी करणार कधी नाही असं असलं की तिला दर वेळी मागावं लागतं, आणि मागणं फार थकवतं.

बऱ्या दिवशी मात्र "राहू दे, मी करतो" म्हणत सगळं हातातून काढून घेऊ नका. तिला त्या दिवशी करायचं असतं. फक्त टायमर वाजला की तुम्ही पण तिच्याबरोबर पाच मिनिटं बसा, म्हणजे बसणं हे आजारपणाचं न राहता घराचं होईल. कुणीतरी अमक्याला तमक्या काढ्याने बरं वाटलं, सकारात्मक विचार कर, असे मेसेज तिला फॉरवर्ड करू नका, तिने सहा वर्षांत ते सगळे वाचलेले आहेत. आणि तुमचं स्वतःचं रविवारचं फिरणं, मित्र, जे काय असेल ते बंद करू नका, तुम्हीही थकता आणि थकलेल्या माणसाची चिडचिड तिला लगेच कळते.

आणि एक काम या रविवारी दोघांनी मिळून करा, तिला बरं असेल तर. तीन छोटे घट्ट झाकणाचे डबे घ्या, प्रत्येकात दोन माणसांपुरते तांदूळ आणि मूगडाळ, त्यातच हळद, हिंग, जिरं आणि मीठ कोरडंच मिसळा, आणि झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर पाणी किती आणि शिट्ट्या किती ते लिहा. मॅग्नेट वर दिसलं की रात्री नऊला येऊन तुम्ही एक डबा धुऊन कुकरमध्ये उपडा करायचा, वर चमचाभर तूप, आणि वीस-पंचवीस मिनिटांत जेवण. धुताना बरीचशी हळद आणि मीठ वाहून जाईल, ते वरून घाला.

पुढच्या महिन्याच्या सदरासाठी झोप हा विषय घेतेय, रात्री दुखण्याने जाग येते आणि मग झोप लागत नाही असं लिहिणाऱ्यांची पत्रं साठली आहेत. तुमचं पत्र पाठवताना वय, आजार किती वर्षांचा आणि कुठली औषधं चालू आहेत एवढं नक्की लिहा, रिपोर्टचे फोटो नकोत.